भरते, जुळते की नुसतेच बुजते?
‘स्वयंदुरुस्त’ पदार्थांविषयीच्या लेखनाची एक तपासणी

‘आपल्या कातडीप्रमाणे स्वतःची जखम स्वतःच भरून काढणारे प्लास्टिक शास्त्रज्ञांनी तयार केले आहे.’ अशा अर्थाचे वाक्य गेल्या पंचवीस वर्षांत वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवर आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांत वारंवार वाचायला मिळाले आहे. वाक्य आकर्षक आहे. मुलांचे कुतूहल ते चटकन जागे करते, म्हणून शिक्षकांनाही सोयीचे वाटते. त्यामागचे संशोधन खरे आहे, चांगल्या दर्जाचे आहे आणि त्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचाही मोलाचा वाटा आहे. आमची हरकत आहे ती ‘कातडीप्रमाणे’ आणि ‘स्वतःच’ या दोन शब्दांना. हे दोन शब्द तपासून पाहिले तर संशोधनाचे महत्त्व कमी होत नाही, उलट ते नेमके कशात आहे हे कळते. आणि सजीव म्हणजे काय, हा आपल्या अभ्यासक्रमातील जुना प्रश्नही नव्याने समोर येतो.

या कामी मराठीची चांगली मदत होते. आपण म्हणतो, जखम भरते, मोडलेले हाड जुळते, पालीची शेपटी पुन्हा फुटते, भिंतीची चीर बुजते आणि फाटलेला कागद चिकटतो. बोलताना कोणी ‘भिंतीची चीर बरी झाली’ असे म्हणत नाही. या पाच क्रियापदांच्या मागे पाच वेगवेगळ्या घटना आहेत. इंग्रजीतला ‘हीलिंग’ हा एकच शब्द त्या सर्वांना एका पिशवीत घालतो, आणि आपण भाषांतर करताना ती पिशवी न उघडताच पुढे देतो. ती उघडून पाहावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शरीर नेमके काय करते?

बोट कापले की आधी रक्तपट्टिका आणि रक्तातील तंतू मिळून गुठळी करतात. ही झाली तात्पुरती बुजवणी. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेल्या पेशी साफ करतात. त्यानंतर तंतू बनवणाऱ्या पेशी कोलॅजेन नावाचे प्रथिन तयार करून खळगा भरतात आणि कडेच्या त्वचापेशी विभाजन पावत वरून पसरत येतात. दोन्ही बाजूंच्या पेशी एकमेकींना भिडल्या की पसरणे थांबते. मागे राहतो तो व्रण. हा व्रण मूळ कातडीइतका मजबूत कधीच होत नाही. पुष्कळ महिन्यांनंतरही त्याची ताकद मूळच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोचते. पालीला शेपटी पुन्हा फुटते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची एक नळी असते. म्हणजे निसर्गाची दुरुस्तीही ‘होती तशी’ नसते. हाड मात्र बहुधा व्रण न ठेवता जुळते. कारण धडधाकट माणसाचे हाडही सतत थोडे थोडे झिजवले आणि पुन्हा बांधले जात असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. मोडलेले हाड जुळवण्यासाठी शरीर याच रोजच्या कामाचा वेग वाढवते.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे दुरुस्तीला लागणारा माल आणि ऊर्जा जखमेच्या जागी साठवलेली नसते. ती आपण खाल्लेल्या भाकरीतून, रक्तावाटे तेथे पोचते. दुसरी म्हणजे काम कोठे सुरू करायचे आणि कोठे थांबवायचे हे तेथल्या पेशींना कळते. सजीवाची दुरुस्ती हे त्याच्या नित्याच्या देखभालीचे तातडीचे रूप आहे.

म्हणून कोणत्याही ‘स्वयंदुरुस्त’ पदार्थाविषयी वाचताना चार प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवतो:

१. दुरुस्तीची कळ कोणी दाबली? भेगेनेच, की प्रयोग करणाऱ्याने?
२. लागणारा माल कोठून आला?
३. त्याच जागी पुन्हा तुटले तर पुन्हा दुरुस्त होते का? किती वेळा?
४. कशाशी तुलना करून यश मोजले? सोय नसलेला साधा पदार्थ शेजारी ठेवला होता का?

शहाडचा ‘पुनर्जनित’ धागा

शब्द असे वाहवत जाण्याचे एक जुने उदाहरण आमच्या परिसरातच आहे. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना पहिले स्थानक लागते ते शहाड. तेथील सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून व्हिस्कोज रेयॉनचा धागा निघतो आहे. त्याची कृती थोडक्यात अशी: लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजवर कॉस्टिक सोड्याची क्रिया करतात. मग कार्बन डायसल्फाइडच्या साहाय्याने त्याचे सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळणारे संयुग बनवतात. मधासारखे दाट, नारिंगी रंगाचे हे द्रावण बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या कुंडात सोडले की जोडलेला गंधकयुक्त गट सुटून जातो आणि पुन्हा सेल्युलोज मिळते, आता धाग्याच्या रूपात. ही पद्धत इंग्लंडमध्ये १८९२ साली शोधली गेली. तंत्रभाषेत या धाग्याला ‘पुनर्जनित सेल्युलोज’ म्हणतात.

पुन्हा जन्मले ते काय? रासायनिक सूत्र तेवढे परत आले. लाकडात असताना पेशींनी या लांब रेणूंना जी मांडणी दिली होती ती परत आली नाही. प्रक्रियेत साखळ्याही पुष्कळ आखूड झाल्या. झाडाच्या सालीवर घाव घातला तर काही महिन्यांत कडेने नवी ऊती वाढून तो झाकला जातो. त्याच झाडाच्या सेल्युलोजपासून काढलेल्या रेयॉनच्या साडीला खोच लागली तर तिला रफूवाल्याकडेच न्यावे लागते. सूत्र तेच, पण बांधणारी पेशी आता तेथे नाही.

या धाग्याची आणखी एक खोड आपल्या विषयाला उपयोगी आहे. साधे व्हिस्कोज रेयॉन ओले झाले की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. सुताचा धागा मात्र ओला झाल्यावर उलट थोडा मजबूत होतो. सेल्युलोजच्या शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हा बंध कमकुवत असतो, पण त्यांची संख्या प्रचंड असते. रेयॉनच्या आखूड आणि विस्कळीत साखळ्यांत पाणी सहज शिरते, स्वतःच हायड्रोजन बंध करते आणि साखळ्यांची पकड सुटते. पाणी गेले की पकड पुन्हा बसते. रद्दीचा लगदा करून पुन्हा कागद तयार होतो तोही असाच. लगदा वाळताना तंतूंमध्ये हायड्रोजन बंध नव्याने जुळतात. तुटणारा आणि पुन्हा जुळणारा बंध ही गोष्ट शतकानुशतके कागद करणाऱ्यांच्या हाताखाली होती. पण म्हणून कागदाला कोणी ‘स्वयंदुरुस्त पदार्थ’ म्हटले नाही.

कुप्यांतला डिंक

आता ज्या शोधाने या विषयाला प्रसिद्धी मिळाली त्याकडे वळू. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटॉस, जेफ्री मूर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘नेचर’ या साप्ताहिकात फेब्रुवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. इपॉक्सी रेझिन आपल्या परिचयाचे आहे. दोन नळ्यांतून काढून मिसळायचा जो डिंक आपण घरात वापरतो, तो त्याच जातीचा. या गटाने इपॉक्सीत सुमारे एक दशांश मिलिमीटर आकाराच्या असंख्य कुप्या मिसळल्या. कुप्यांत एक द्रव होता आणि भोवतीच्या इपॉक्सीत उत्प्रेरकाचे कण पसरलेले होते. भेग पुढे सरकत आली की वाटेतल्या कुप्या फुटतात, द्रव भेगेत ओढला जातो, उत्प्रेरकाला भेटतो आणि घट्ट होतो. दोन दिवसांनी मोजले तेव्हा भेगेला विरोध करण्याची क्षमता जास्तीत जास्त ७५ टक्क्यांपर्यंत परत आली होती.

आमच्या चार प्रश्नांपैकी पहिल्याला येथे पूर्ण गुण द्यावे लागतील. कळ भेगेनेच दाबली. ही कल्पना फार सुंदर आहे. पण माल जागेवर साठवलेला होता आणि तो एकदाच वापरता येणार होता. त्याच जागी पुन्हा भेग पडली तर तेथे फुटक्या कुप्याच सापडतील. हे त्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी २००७ साली कुप्यांऐवजी रक्तवाहिन्यांसारख्या बारीक नलिकांचे जाळे वापरून पाहिले. एकाच जागची भेग सात वेळांपर्यंत सांधता आली. नंतर सांधणे थांबले ते द्रव संपला म्हणून नव्हे, वरच्या थरातला उत्प्रेरक खर्ची पडला म्हणून. २०१४ मध्ये त्यांनी दोन द्रवांच्या साहाय्याने ३५ मिलिमीटरपेक्षा मोठे भोक वीस मिनिटांत भरून दाखवले आणि सुमारे तीन तासांत त्या जागेचा कणखरपणा बऱ्याच अंशी परत आणला. येथे प्रथमच ‘भरते’ हे क्रियापद शोभून दिसते. मात्र द्रव पुरवण्याची सोय बाहेरून करावी लागते. नलिका पदार्थात, पण हृदय बाहेर.

मग या कुप्यांची तुलना कशाशी करावी? आमच्या मते कातडीशी नको, चिकाशी करावी. वडाचे किंवा उंबराचे पान तोडले की दाबाखाली साठलेला चीक बाहेर येतो आणि थोड्या वेळात घट्ट होऊन चीर बुजवतो. रबराच्या झाडाच्या चिकात तर सूक्ष्म पिशव्या असतात. दाब एकदम उतरला की त्या फुटतात आणि त्यांतील प्रथिनांमुळे रबराचे कण एकत्र येतात. जर्मनीत या यंत्रणेचा अभ्यास करून तिच्यावरून कृत्रिम पदार्थ बनवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. साठवलेला द्रव, फुटणारी पिशवी, घट्ट होणे हे तिन्ही दुवे येथे जुळतात. कातडीशी तुलना केली तर एकही नीट जुळत नाही. आणि फरकही लगेच दिसतो: झाड पुन्हा चीक तयार करते, इपॉक्सीला ते जमत नाही.

पुण्याचा जेल

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले यांनी जेलवर दीर्घकाळ काम केले आहे. जेल म्हणजे पुष्कळ पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे. शायनी वर्गीस, लेले आणि माशेलकर यांनी धातूच्या आयनांच्या मध्यस्थीने जेलचे तुकडे जुळतात हे दाखवणारा निबंध २००६ साली प्रसिद्ध केला. पुढे वर्गीस अमेरिकेत सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल्या. तेथे अमेय फडके आणि इतर सहकाऱ्यांबरोबर झालेले काम २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आले. त्याच्या लेखकांत माशेलकर आणि लेले यांचीही नावे आहेत.

या जेलच्या मुख्य साखळीला लोंबत्या बाह्या आहेत आणि प्रत्येक बाहीच्या टोकाला आम्लधर्मी गट आहे. जेल कापून त्याचे दोन तुकडे आम्लात एकमेकांना लावले की काही सेकंदांत ते जुळतात. समोरासमोरच्या बाह्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरतात. अल्कलीत ठेवले की त्या टोकांवर ऋण प्रभार येतो, टोके एकमेकांना दूर लोटतात आणि तुकडे सुटतात. पुन्हा आम्ल, पुन्हा जुळणी. असे अनेकदा केले तरी जोडाची ताकद टिकते.

येथे रेयॉनची खोड आठवावी. पाणी हायड्रोजन बंध सोडवते, मग पाण्याने भरलेल्या जेलमध्ये ते टिकतात कसे? यातच या कामाची खरी करामत आहे. बाहीचा मधला भाग तेलकट, पाण्यापासून दूर राहणारा आहे. बाही फार आखूड असेल तर ती समोरच्या तुकड्यापर्यंत पोचत नाही. फार लांब असेल तर तेलकट बाह्या आपसांतच गोळा होतात आणि टोके आत दडतात. मधली लांबी निवडली तेव्हा समतोल साधला. रचना आणि गुणधर्म यांचा संबंध बारावीच्या विद्यार्थ्याला दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

पण बातमी म्हणून हे काम पोचते ते ‘जखम भरणारा जेल’ या रूपात. आमचे चार प्रश्न लावून पाहा. कळ प्रयोगकर्त्याने दाबली, कारण आम्ल त्यानेच दिले आणि तुकडेही त्यानेच जवळ आणले. नवा माल काहीच आला नाही, त्यामुळे जेलचा लचका निघाला असता तर खळगा तसाच राहिला असता. पुनरावृत्तीच्या प्रश्नाला मात्र याचे उत्तर कुप्यांच्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी सरस आहे. तेव्हा या जेलचे योग्य क्रियापद ‘जुळतो’ हे आहे, आणि ‘हवे तेव्हा जुळतो, हवे तेव्हा सुटतो’ हा गुण नुसत्या ‘आपोआप’पेक्षा जास्त कामाचा आहे. जठरात मुळातच आम्ल असते. तेथे असा जेल उपयोगी पडू शकेल, असे लेखकांनी सुचवले ते याच गुणामुळे. शोधनिबंधाच्या शीर्षकातही ‘स्वयं’ आले आहे. तो या क्षेत्रात रुळलेला शब्द आहे हे मान्य, पण रुळलेला शब्द वर्गात नेताना झटकून घ्यायला हवा.

‘आपोआप’ हा शब्द कोठे खरोखर लागू पडतो? कोलकात्याची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि खरगपूरची आयआयटी येथील शास्त्रज्ञांनी २०२१ साली काही सेंद्रिय स्फटिकांचे वर्णन केले. ते मोडले की तुटलेल्या पृष्ठांवर विरुद्ध प्रभार येतात आणि हे पृष्ठभाग स्वतःच एकमेकांकडे खेचले जाऊन क्षणार्धात जुळतात. ना द्रव, ना आम्ल, ना हात लावणारा. स्फटिक इवलेसे आहेत आणि तुकडे फार दूर गेले तर जुळत नाहीत. तरीही ‘स्वतःच’ हा शब्द त्यांनी कमावला आहे.

काँक्रीट आणि ०.१८ हा आकडा

आतापर्यंत प्रश्न शब्दांच्या नेमकेपणाचा होता. काँक्रीटपाशी आल्यावर तो माणसांच्या सुरक्षिततेचा होतो.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे हेंक याँकर्स यांनी काँक्रीटमध्ये जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचे खाद्य मिसळले. भेगेतून पाणी शिरले की जिवाणू जागे होतात आणि त्यांच्या क्रियेतून कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, तयार होऊन भेग बुजते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार १०० दिवस पाण्यात ठेवल्यावर अशा काँक्रीटमधील ०.४६ मिलिमीटर रुंदीपर्यंतच्या भेगा बुजल्या. हा आकडा पुष्कळ ठिकाणी छापला जातो. त्याच निबंधातला दुसरा आकडा सहसा छापला जात नाही: जिवाणू नसलेल्या काँक्रीटमध्येही ०.१८ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बुजल्या होत्या. साध्या काँक्रीटमध्ये क्रिया न झालेले सिमेंट आणि चुना शिल्लक असतो, तो पाण्याच्या संगतीने थोडीफार बुजवणी करतोच. जिवाणूंचे खरे श्रेय या दोन आकड्यांतील फरकाएवढे आहे, आणि ते कमी नाही. पण दुसरा आकडा गाळला की वाचकाच्या हाती विज्ञानाऐवजी चमत्कार येतो. चौथा प्रश्न आम्ही मुद्दाम घातला तो यासाठी.

शहाडला लागूनच असलेल्या उल्हासनगरात मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. आमच्या भागात ओल आलेले छत आणि सळ्या दिसणारी तुळई पाहून वाढलेली मुले पुष्कळ आहेत. स्लॅब कमकुवत होतो त्याचे एक मोठे कारण आतली सळई गंजणे हे आहे. पाणी आणि हवा भेगेतून सळईपर्यंत पोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते आणि खपल्या पडतात. चुनखडीने बारीक भेग वेळीच बुजली तर पाण्याची वाट बंद होऊ शकते. पण गंजून बारीक झालेली सळई त्याने पुन्हा जाड होत नाही, आणि सिमेंट कमी घालून केलेला स्लॅबही मजबूत होत नाही. ‘काँक्रीट आता स्वतःच बरे होते’ हे वाक्य अशा छताखाली राहणाऱ्या कुटुंबाच्या कानी पडले तर तपासणी लांबणीवर टाकायला निमित्त मिळेल. भेग बुजली म्हणजे इमारत बरी झाली असे नव्हे, हे आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला कळले पाहिजे.

वर्गात काय करावे?

हा विषय वर्गात जरूर घ्यावा. त्यासाठी महाग साधने लागत नाहीत. रेयॉनचा आणि सुताचा सारख्या जाडीचा धागा घ्यावा. दोन्ही कोरडे आणि दोन्ही ओले असताना किती वजनाला तुटतात ते खडूची पेटी आणि नाणी वापरून मोजावे. प्रत्येक मोजणी निदान पाच वेळा करून सरासरी काढावी. शाई टिपणाऱ्या कागदाची पट्टी फाडून कडा भिजवाव्यात, एकमेकींवर दाबून वाळवाव्यात आणि हा जोड किती वजन पेलतो ते पाहावे. तो जोड पुन्हा भिजवला तर काय होते हेही पाहावे. वडाच्या पानाच्या देठातून येणारा चीक किती वेळात घट्ट होतो याची नोंद घेता येईल. मात्र चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि रुईच्या चिकाला हातही लावू नये.

या नोंदी झाल्यावर विद्यार्थ्यांना ‘स्वयंदुरुस्त’ पदार्थांची एखादी बातमी द्यावी आणि चार प्रश्नांची उत्तरे तिच्यात शोधायला सांगावीत. बहुतेक बातम्यांत एक-दोन उत्तरे मिळणारच नाहीत. मिळाली नाहीत असेही वहीत स्पष्ट लिहू द्यावे. शेवटी बातमीचे शीर्षक मुलांनी स्वतः नव्याने लिहावे, योग्य क्रियापद घालून. भरते, जुळते, फुटते, बुजते, चिकटते यांपैकी कोणते आणि का, यावर वर्गात वाद झाला तर तो तास वाया गेला असे समजू नये.